पदराखालचे हात

माझ्या मुलीला ऐकू येत नाही, हे ती पाच वर्षांची होऊन गेली तरी आम्हाला कळलं नव्हतं. हे सांगितलं की लोक माझ्या तोंडाकडं बघतात. आई असून कळलं नाही? नाही कळलं. तुमचं भांड्यांचं दुकान असतं तर तुम्हालाही कळलं नसतं.

सोलापुरात आमचं खाली दुकान आणि वर राहायच्या दोन खोल्या. वरची जमीन लाकडी फळ्यांची. तो मोठा दुष्काळ नुकताच सरला होता आणि लोकांना स्टीलचं वेड लागलं होतं. घराघरातल्या पितळी घागरी, तांब्याचे हंडे मोडीत यायचे. दिवसभर खाली आदळआपट, चेपणं, ठोकणं. त्या ठणठणाटात आमची पोर तोंड उघडं टाकून गाढ झोपायची. मालक, म्हणजे माझे यजमान, आमच्याकडं नवऱ्याला मालकच म्हणतात, आल्यागेल्याला कौतुकानं सांगायचे, "भांडेवाल्याची पोर हाय की ही, कानाशी हंडा बडिवला तरी उठणार न्हाय." गिऱ्हाईक हसायचं. मीही हसायचे.

बरं, ऐकू येत नाही असा संशय यावा असं ती काही करतही नव्हती. खाली घागर पडली की वर बसल्या जागी चटकन मान वळवायची. फळीतून तिला हादरा जातो, हे आमच्या टाळक्यात यायला हवं होतं. आलं नाही. मालक विजेच्या मशीननं भांड्यांवर नावं घालायचे, तेव्हा तर ही सगळं टाकून धावायची आणि त्या भांड्याला दोन्ही तळवे लावून बसायची. मशीन सुरू झालं की खदखदून हसायची. तळवे काढले की हसू बंद. आम्ही म्हणायचो, बघा, आवाज किती आवडतो पोरीला.

फक्त बोलत नव्हती. बोलेल, बोलेल म्हणता तीन वर्षांची झाली, चार झाली. वेखंड उगाळून जिभेला लावलं. मध चाटवला. पोपटानं उष्टा केलेला पेरू खाल्ला की पोरं बोलतात असं कुणी सांगितलं, तर मालकांनी शेजारच्या गल्लीतल्या पोपटासाठी रोज पेरू नेऊन द्यायचा सपाटा लावला. पोपट गुबगुबीत झाला. मग एका डॉक्टरनं जिभेखालची शीर आखूड आहे म्हणून कापली. मी तिचे हात धरले होते आणि मालकांनी पाय. रक्त गिळून गिळून ती रात्रभर ओकत होती. त्यानंतर ती मालकांच्या मांडीवर महिनाभर गेली नाही. बोलली नाही ती नाहीच.

शाळेचं वय झालं तेव्हा आधी जवळच्या सरकारी शाळेत घातली. गुरुजी भले होते. थोडे दिवस बसवून घेतली आणि मग मला बाहेर बोलावून म्हणाले, "ताई, पोरगी शांत हाय, तक्रार न्हाय माझी. पण एवढ्या पोरांत मी हिच्याकडं कवा बघू? भिंतीला टेकून बसतीया नुसती. तुमचं दुकान हाय, ऐपत हाय, मोठ्या शाळेत का न्हाय घालत? तितं वर्ग ल्हान असत्यात."

मोठी शाळा म्हणजे शहरातली नावाजलेली खाजगी शाळा. तिथं एकदा बालवर्गात पाऊल पडलं की मॅट्रिकपर्यंत बघायला नको. आमच्या ओळखीतल्या सगळ्यांना तिथंच आपली पोरं घालायची असायची आणि जागा असायच्या मूठभर. त्या शाळेचं मी मनाशी इतकं घट्ट धरून ठेवलं की दुसरं काही दिसेनाच. तिथं शिकलेल्या बाई असतात, त्यांना पोरांना बोलतं करायची युक्ती माहीत असणार. तिथं जागा मिळाली की झालं, असं मी स्वतःला सांगत असायचे.

इथं सासूबाईंबद्दल सांगायला हवं. माझं माहेर वैरागकडचं. आम्हीही लिंगायतच, पण घरात मराठी. सासर अक्कलकोटच्या पलीकडचं, कानडी. देव एक, कपाळावरचं भस्म एक, भाषेचा मात्र पत्ता नाही. "घरात मराठीच बोलत्यात," असं लग्न ठरवताना सांगितलं होतं. गिऱ्हाइकांशी बोलत होते, तेवढं खरं. वर आलं की मायलेकांचं कानडी सुरू. मी ताटं वाढायची आणि दोघांच्या तोंडांकडं बघत बसायची. माझ्याबद्दलच बोलतात असं मला वाटायचं, आणि बऱ्याचदा ते खरंही असायचं.

सासूला त्यांच्याकडं अत्ती म्हणतात. अत्तीला मराठी थोडं कळायचं, बोलता मात्र यायचं नाही. बोलायला गेली की बाईचा बाप्या आणि बाप्याची बाई करून टाकायची. "पोरगी आला," "दूध सांडली." गल्लीतल्या बायका फिदीफिदी हसायच्या. अत्ती मानी बाई. चारदा हसल्यावर तिनं मराठी सोडूनच दिलं. नात झाल्यापासून मात्र तिच्या तोंडाला खळ नव्हता. पोरीला तेल लावताना, भाकरी थापताना, फुलवाती वळताना सारखं कानडीत काही ना काही चालूच. गावाकडच्या म्हशींपासून देवापर्यंत सगळं सांगायची. पोर तिच्या ओठांकडं टक लावून बघत बसायची. आम्हाला वाटायचं, ऐकतेय.

मोठ्या शाळेत मुलाखतीला मालक आणि मी दोघं गेलो. पोरीला नवा फ्रॉक. मोठ्या बाई म्हणजे तिथल्या मुख्याध्यापिका, कडक इस्त्रीच्या, चष्मा साखळीला. आधी वय बघितलं. डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता आला की मूल शाळेच्या वयाचं झालं, असा तेव्हा रिवाज. मी हळूच करून दाखवलं, पोरीनं लगेच तस्सं केलं. नक्कल करण्यात ती पटाईत. बाई खूष झाल्या. मग नाव विचारलं. पोर हसली. पुन्हा विचारलं. पुन्हा हसली.

बाईंनी डस्टर उचलून टेबलावर आपटला. पोरीचे तळवे टेबलावरच होते. तिनं दचकून बाईंकडं बघितलं.

"ऐकू तर येतंय," बाई म्हणाल्या. "घरी कोणती भाषा बोलता?"

मालकांनी सरळपणानं सांगितलं. घरात आईशी कानडी, बायकोशी मराठी, शेजारी तेलुगू, दुकानात गिऱ्हाईक बघून उर्दू. सांगताना त्यांना थोडा अभिमानच होता. बाईंनी चष्मा काढला.

"तीच तर भानगड आहे. लेकराच्या डोक्यात खिचडी झालीय सगळी. कोणता शब्द धरू आणि कोणता सोडू हे तिला कळत नाही, म्हणून ती गप्प बसते. घरात फक्त मराठी बोला. दुसरा एक शब्द तिच्या कानावर पडता कामा नये. पुढच्या वर्षी आणा. बोलायला लागली असेल तर मी घेईन."

बाहेर आल्यावर मालकांचा चेहरा उतरलेला होता. माझा नव्हता. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. एक तर दार पुरतं बंद झालं नव्हतं, आणि दुसरं म्हणजे इतकी वर्षं ज्या घरात मी मुक्यासारखी ताटं वाढत होते, त्या घरात माझी भाषा बोला असं एका शिकलेल्या बाईनं सांगितलं होतं.

त्या संध्याकाळी मालकांनी अत्तीला सगळं समजावून सांगितलं. कानडीतच सांगावं लागलं, दुसरी सोय नव्हती. अत्ती ऐकत होती. मधेच तिनं नातीकडं बघितलं, मग माझ्याकडं. तिनं एकच विचारलं. मालकांनी मान हलवली. ती उठून भाकरी थापायला गेली. तिनं काय विचारलं ते मी नंतर मालकांना विचारलं. ती म्हणाली होती, "माझ्यामुळं?"

त्या दिवसापासून अत्ती बोलायची बंद झाली. मोडकंतोडकं मराठी बोलून नातीचं आणखी बिघडवण्यापेक्षा तिनं तोंडच मिटून घेतलं. गावाकडून बहीण आली, तर तिला जिन्यातच थांबवून खाली घेऊन गेली आणि दोघी दुकानामागच्या बोळात मोडीच्या ढिगाशेजारी उभ्यानं बोलल्या. बहिणीला राग आला. ती पुन्हा आली नाही. पूजेला बसली की अत्तीचे ओठ हलायचे, आवाज नाही. मालक पहिल्यांदा अवघडले, मग सरावले. माणूस कशालाही सरावतो. मी मात्र जोरात होते. सकाळपासून पोरीच्या मागं लागायचे, हे पाणी, हा तांब्या, म्हण तांब्या, तां-ब्या. घसा बसायचा माझा.

आणि अत्तीनं हात वापरायला सुरुवात केली. सुरुवातीला माझ्यासाठीच. मीठ हवं असलं की चिमूट चोळून दाखवायची. पाण्याला अंगठा ओठाशी. दोन तळवे एकावर एक थापटले की भाकरी. मालकांना मिशीला पीळ. मला हसू यायचं, चीडही यायची. पण पोर? पोर चार-दोन दिवसांत ते सगळं शिकली आणि मग स्वतःचं घालू लागली. दुकान म्हणजे मुठीवर मूठ. झोप म्हणजे गालाला तळवा. नावं घालायचं मशीन म्हणजे बोटं थरथरवायची. अत्ती म्हणजे कपाळावरून तीन बोटं आडवी, भस्माच्या पट्ट्यांसारखी. ती तीन बोटं तिनं स्वतः शोधून काढली होती. घरात कुठंही असली तरी अत्तीकडं बघून आधी तीन बोटं कपाळावरून ओढायची, हाक मारल्यासारखी, आणि मग जे काय सांगायचं ते.

वर्ष सरायच्या आत त्या दोघी तासन्‌तास बोलत बसू लागल्या. हातांनी. मांजराची भांडणं, खाली आलेली जाडी बाई, पडलेला दात, सगळं. अत्तीचे खांदे हसून हसून हलायचे. मी भाकऱ्या भाजत बघायचे. घसा कोरडा करणारी मी, आणि पोर सगळं सांगणार तिला. एकदा मी विचारलं, माझी खूण कोणती? पोरीनं दोन बोटांनी कपाळाला आठी घालून दाखवली. अत्तीनं तोंड फिरवलं, पण ती हसत होती हे मला दिसलं.

आम्ही तेव्हा एवढंच बघत होतो की पोर हुशार आहे, तिला सगळं कळतं, आता फक्त जीभ सुटायची बाकी आहे.

दुसऱ्या वर्षी मुलाखतीला मी एकटी गेले. मालकांना बाजारात माल उतरवून घ्यायचा होता. आम्ही लवकर पोचलो आणि अंगणात लिंबाखाली थांबलो. त्या लिंबाला पितळेची जाड तबकडी टांगलेली होती, शाळेची घंटा. मी भांडेवाल्याची बायको, तबकडी बघूनच मला तिचा आवाज कळला. पोर तिच्याकडं पाठ करून मातीत चवड्यावर बसली होती आणि मुंग्यांची रांग बघत होती. शिपाई आला, त्यानं दांडका उचलला आणि घंटा बडवली.

माझ्या कानात दडे बसले. सगळ्या वर्गांतून पोरांचा लोंढा बाहेर पडला. फांदीवरचे कावळे उडाले. माझी पोर मुंग्या बघत होती.

इथं फळ्या नव्हत्या. टेबल नव्हतं. माती होती.

मी तिच्यामागं उभी राहून टाळी वाजवली. तिच्या नावानं ओरडले. शिपाई बघायला लागला. "काय झालं वो बाई?" मी खाली बसले, पोरीला मागून मिठी मारली, तेव्हा कुठं तिनं मान वळवली आणि मला मुंग्या दाखवल्या. वर्षभर मी एका बहिऱ्या लेकराच्या तोंडावर तांब्या, तांब्या करून ओरडत होते. शेजारी मुकी बसून एक म्हातारी घुसमटत होती. कशासाठी? मला त्या घंटेवर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

आणि तरी मी आत गेले. मुलाखतीला बोलावलं तेव्हा मी पोरीचा हात धरून आत गेले, कारण माझ्याकडं दुसरी शाळाच नव्हती. बाईंना कळायच्या आत पोर आत घुसवावी, मग पुढचं पुढं, असं काहीतरी डोक्यात होतं. मी पोरीच्या पाठीवर हात ठेवला. बाईंनी काही विचारलं की हळूच दाबायचे. दाबलं की ती बाईंकडं बघून मान डोलवायची. बाईंनी विचारलं, "तू शाळेत येणार का?" मी दाबलं, तिनं मान डोलवली. "खेळायला आवडतं का?" दाबलं, डोलवली. बाई हसल्या. माझ्या जिवात जीव आला.

"तू फार खोडकर आहेस का?" दाबलं. डोलवली.

"आज तू जेवली नाहीस ना?"

दाबावं की नको? हात पाठीवर तसाच राहिला. पोर माझ्याकडं बघायला लागली.

"हात काढा," बाई म्हणाल्या. मी काढला. बाई तिच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या आणि अगदी मोठ्यानं तिला हाक मारली. मग पुढं येऊन खुर्चीत बसल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "अशा मुलांच्या वेगळ्या शाळा असतात," एवढं म्हणाल्या. मी म्हणाले, "बाई, तुमीच सांगितलं होतं की, घरात मराठी बोला म्हणून." त्यांनी ते ऐकलं नसावं, किंवा ऐकलं असावं. त्यांनी पुढच्या पालकांना आत बोलवायला सांगितलं.

कानाच्या डॉक्टरनं तपासून तेच सांगितलं. त्या रात्री मालक जेवले नाहीत. सकाळी अत्तीसमोर जाऊन बसले आणि मराठीतच म्हणाले, "अव्वा, आता बोल की. कानडी बोल, काय पण बोल." अत्तीनं त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. बोलली नाही. मग तिला सुचलंच नाही की इच्छाच राहिली नव्हती, कोण जाणे. तिचं सगळं बोलणं नातीबरोबर होत होतं. आमच्याशी बोलण्यासारखं तिच्याकडं काही उरलं नसावं.

शहराच्या दुसऱ्या टोकाला एका संस्थेनं बहिऱ्या मुलांची शाळा काढली होती. दोन खोल्या आणि एक पत्र्याची शेड. तिथल्या बाई तरुण होत्या, बाहेरगावी जाऊन खास शिक्षण घेऊन आलेल्या. या वेळी मी पोरीबरोबर अत्तीलाही नेलं, कारण पोर तिच्याशिवाय अनोळखी जागी थांबत नसे.

त्या बाईंनी डस्टर आपटला नाही. पोरीसमोर खाली बसल्या आणि तिचा तळवा स्वतःच्या गळ्यावर ठेवून म्हणाल्या, "आऽऽ." पोरीचे डोळे विस्फारले. नावं घालायच्या मशीनची थरथर बाईच्या गळ्यात! ती खदखदून हसली. मग बाईंनी तिचा दुसरा हात तिच्याच गळ्यावर ठेवला. पोर थोडा वेळ दोन्ही गळे चाचपत राहिली, आणि तिच्या तोंडातून निघालं, "आऽऽ." घोगरं, फाटलेलं, पण हवं तेव्हा आणि हवं तितकं. मी आयुष्यात इतका गोड आवाज ऐकला नाही. मी तिथंच रडायला लागले.

पोर उड्या मारत दाराशी बसलेल्या अत्तीकडं गेली, कपाळावरून तीन बोटं ओढली आणि दोन्ही हातांनी भराभरा सांगायला लागली, बाईच्या गळ्यात मशीन आहे, माझ्याही आहे. अत्तीचे हातही सुरू झाले.

बाईंचा चेहरा बदलला. "हे कधीपासून चाललंय?"

मी सांगितलं. त्यांनी मला बाजूला घेतलं. आवाज मऊ होता, पण एकेक शब्द ठासून होता. "हिला आवाज आहे, अक्कल आहे. उशीर झालाय, पण बोलेल. मात्र एकदा हातांनी काम भागतंय म्हटल्यावर जीभ कशाला कष्ट घेईल? हे हात बंद करा. घरात कुणीही खुणा करायच्या नाहीत. तोंड दाखवायचं, सावकाश बोलायचं, हात मागं. माझ्याकडं जागा एकच आहे आणि पालक रोज येतात. ज्यांच्या घरचे ऐकतील त्यांच्या मुलाला मी घेणार. थोडे दिवस हिला पाठवा, मग मी तुमच्या घरी येऊन बघेन."

परत येताना टांग्यात पोर आमच्या दोघींच्या मधे बसली होती. एक हात माझ्या गळ्यावर, एक अत्तीच्या. मला बोलायला लावायची. मी "आऽऽ" करायचे. अत्तीच्या गळ्यात काहीच थरथरेना, म्हणून तिनं अत्तीची हनुवटी हलवून बघितली.

अत्तीला सांगायचं मालकांवर टाकलं असतं, पण ते म्हणाले, "मी एकदा सांगितलं की. आता माझ्याच्यानं व्हायचं न्हाय." मग मीच तिच्यासमोर बसले. सोप्या मराठीत सांगितलं असतं तर तिला कळलं असतं. पण तोंडानं सांगायचा मला धीर होईना. मी पोरीकडं बोट दाखवलं. तोंडाशी बोटं नेऊन बाहेर उघडली, पोर बोलेल. मग माझे दोन्ही हात पुढं धरले, एकमेकांत अडकवले आणि मांडीवर दाबले. हात बंद करा, हे मी तिला हातांनीच सांगितलं. इतक्या दिवसांत मी तिच्याशी तिच्या भाषेत पहिल्यांदाच बोलत होते.

 तिनं इरकली लुगड्याचा पदर पुढं ओढला आणि हात त्याखाली घेतले.

त्यानंतरचे दिवस मला आठवायला नको वाटतात. पोर शाळेतून आली की जिन्यातूनच तीन बोटं कपाळावरून ओढत यायची. अत्ती तोंड उघडून, सावकाश, मला शिकवलंय तसं म्हणायची, "पोरगी... जेवला?" पोर तिच्या ओठांकडं नाही, पदराकडं बघायची. तिला वाटलं अत्तीचे हात दुखतात. एकदा हळद आणली कालवून. मग वाटलं अत्ती रुसली. मग तीच चिडली, ताटं फेकली, मला चावली, रात्री झोपेत हात हलवायला लागली. मी ते हात धरून ठेवायचे. हो, झोपेतलेसुद्धा. मला जागा हवी होती. आजही तीच वेळ आली तर मी तेच करीन, कारण आजही त्या गावात माझ्यासमोर दुसरं दार दिसत नाही.

बाई घरी आल्या तो दिवस शनिवार होता, शाळा अर्धी. मालक दुकान बंद करून वर आले. बाईंना खुर्ची दिली. अत्ती खांबाला टेकून बसली होती, पदर अंगभर, हात आत. बाईंनी मला पोरीशी बोलायला सांगितलं. मी बोलले. पोरीनं माझ्या ओठांकडं बघून "पा" म्हटलं आणि पाण्याच्या घागरीकडं गेली. बाईंनी मान डोलवली. मालकांनी डोळे पुसले.

मग पोर अत्तीसमोर जाऊन बसली. कपाळावरून तीन बोटं ओढली. अत्ती समोर बघत राहिली. पुन्हा ओढली, जरा जोरात. पुन्हा. तिच्या कपाळावर नखांचे लाल ओरखडे उठले. बाई बघत होत्या, मी बघत होते. मी मनात म्हणत होते, अत्ती, एवढा वेळ, फक्त एवढा वेळ धर. अत्तीनं ओठ रुंद उघडले आणि म्हणाली, "पोरगी... जेवला?"

पोरीनं पुढं होऊन तिचा पदर उचलला. आत वाकून बघितलं. हात तिथंच होते, एकमेकांत घट्ट अडकवलेले. ती एकेक बोट सोडवायला लागली. अत्तीनं सोडू दिलं नाही.

"छान," बाई उठत म्हणाल्या. "सोमवारपासून नाव पक्कं."

मालक त्यांना खाली पोचवायला गेले. जागा मिळाली होती. मला आनंद झाला, पोटातून झाला, मी देवापुढं डोकं टेकलं. उठून वळले तेव्हा पोर अजून त्या बोटांशी झटत होती आणि अत्ती माझ्याकडं बघत होती.

"इन्नेन उळीतव्वा?" ती म्हणाली.

वर्ष उलटून गेल्यावर घरात तिच्या तोंडून कानडी निघालं होतं. मला कानडी येत नव्हतं, पण आता काय राहिलं गं बाई, असं ती विचारतेय हे मला कुणी सांगावं लागलं नाही.  पोरीनं तोवर एक बोट सोडवलं होतं आणि ते धरून ती स्वतःच्या कपाळाकडं नेत होती.